या हातातून त्या हातात

जून संपत आला की न्यू जर्सीत आमच्या भागातल्या रस्त्यांच्या कडेला, चरांत, रेल्वेच्या रुळांलगतच्या उतारांवर नारिंगी डेलिली फुलायला लागतात. तिथे कुणी पाणी घालायला जात नाही, खताचं तर नावच नको. तरी कमरेएवढे दांडे तरारून वर येतात आणि जुलै लागेपर्यंत अख्खा उतार नारिंगी होऊन जातो. माझ्या वाफ्यांत याहून देखण्या, नावाजलेल्या जाती आहेत, पण गाडीतून जाताना माझी नजर वळते ती या रानटी दिसणाऱ्या फुलांकडेच.

प्रत्येक फूल एका दिवसाचं. पहाटे उमलतं, रात्री मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मऊ, ओलसर लगदा दांड्याला लोंबत असतो. तोवर शेजारची कळी उघडलेली असते. एकेका दांड्यावर डझनभर कळ्या, एका गड्ड्यातून कितीतरी दांडे, त्यामुळे बहर तीन-चार आठवडे सहज टिकतो. डेलिलीबद्दल कुणी काही लिहिलं की ते या एका दिवसाबद्दलच असतं: आयुष्य कसं क्षणाचं, सौंदर्य कसं नश्वर. मला ते पटत नाही. दिवस फुलाचा असतो, झाडाचा नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या झाडांत इतकं चिवट आणि इतकं जुनं दुसरं काही नाही.

त्या रस्त्याकडेच्या फुलाचंच बघा. ही जात मूळची पूर्व आशियातली. सोळाव्या शतकात ती युरोपात पोचलेली होती, तिथून वसाहतवाल्यांच्या सामानाबरोबर अमेरिकेत आली. आणि तिला बी धरत नाही. साध्या डेलिलीत गुणसूत्रं 22 असतात, हिच्यात 33. दोनाऐवजी तीन संच असल्यामुळे त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, आणि फूल गळून गेल्यावर मागे बोंड राहत नाही. आर्लो बर्डेट स्टाउट या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे कोडं लहानपणीच पडलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये आईच्या बागेत ही फुलं दरवर्षी येत, पण बी कधी दिसत नसे. पुढे हडसन नदीच्या पलीकडे, ब्रॉन्क्समधल्या न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांनी वनस्पतींच्या वांझपणाचाच अभ्यास केला. चीनमधून आलेल्या जंगली जातींचे संकर वर्षानुवर्षं करत राहिले आणि 1934 साली डेलिलीवर पुस्तक लिहिलं. आज बागांत दिसणाऱ्या लाल-गुलाबी डेलिलींच्या मागे त्यांची ती मेहनत आहे. बी न धरणाऱ्या त्या नारिंगी जातीला ‘युरोपा’ हे नाव त्यांनीच दिलं.

बी नाही, म्हणजे वाऱ्यावर उडून किंवा पाखराच्या पोटातून ती कुठे गेली नाही. कधी पुराच्या पाण्यात मुळाचा तुकडा वाहत गेला असेल, कधी रस्ता खोदताना मातीच्या ढिगाबरोबर सरकला असेल. बाकी सगळा प्रवास माणसाच्या हातांनी. एका घरचा गड्डा फोडायचा, अर्धा शेजारी द्यायचा, लेक सासरी किंवा नव्या वस्तीला निघाली की तिच्या गाठोड्यात एक तुकडा टाकायचा. जुनी शेतघरं पडून गेली, पायऱ्यांचे दोन दगड उरले, तिथेही या डेलिली जुन्या अंगणाची हद्द दाखवत फुलतात. ज्यांनी लावल्या त्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नसतात. आणि त्या उतारावरचं झाड म्हणजे स्टाउट यांच्या आईच्या बागेतलं झाड. त्याच्यासारखं नव्हे, तेच. एकच देह, तुकड्यातुकड्याने शतकानुशतकं पुढे दिलेला. या विचाराने मी अजूनही हरखून जाते.

माझ्या बागेत पहिला गड्डा आला तो शेजारच्या आजींकडून. आम्ही घर घेतलं त्या शरद ऋतूत त्या कुंपणापाशी एक ओली पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत होती ‘हायपेरियन’, पिवळी, सुवासाची. आता जाती इतक्या वाढल्या आहेत की नोंदवलेल्या नावांनी लाखाचा आकडा ओलांडला आहे, पण सुवास सगळ्यांना नसतो. हायपेरियनला आहे, संध्याकाळी खिडकी उघडी असली की घरात येतो. पुढे ‘स्टेला द ओरो’ आणली. इंडियानातल्या वॉल्टर जाब्लोन्स्की यांची ही बुटकी पिवळी जात 1975 साली नोंदवली गेली, आणि दहा वर्षांनी तिला स्टाउट यांच्याच नावाचं पदक मिळालं. आता ती पेट्रोल पंपांच्या आणि दुकानांच्या पार्किंगच्या कडेला इतकी दिसते की बागवाले नाक मुरडतात. मी मुरडत नाही. उन्हाळाभर थांबून थांबून फुलत राहते, बर्फ काढताना टाकलेलं मीठ सोसते, आणि तिचंही प्रत्येक रोप त्या एकाच रोपाचा तुकडा आहे.

बहराच्या दिवसांत माझी सकाळ कालची फुलं काढण्यात जाते. हे काम कात्रीचं नाही, बोटांचं आहे. कोमेजलेलं फूल देठाशी धरून बाजूला मोडलं की टक् करून सुटतं. वर ओढलं तर शेजारची कळीही हातात येते. गडद जातींचा रंग बोटांना लागतो, जांभळट, आणि दुपारपर्यंत जात नाही. हे न करता चालत नाही का? चालतं. पण ज्यांना बी धरतं त्या जातींत बोंडं फुगायला लागली की झाडाची ताकद तिकडे जाते. शिवाय मला ही वेळ आवडते. रोज प्रत्येक झाडापाशी वाकावं लागतं, त्यामुळे मावा कुठे लागलाय, हरणांनी रात्री कुठल्या कळ्या खाल्ल्या, सगळं नजरेला पडतं. हरणांना डेलिलीच्या कळ्या फार प्रिय. तांबेराही बघावा लागतो. हा बुरशीजन्य रोग अमेरिकेत 2000 साली पहिल्यांदा आढळला. पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि नारिंगी भुकटी लागली की समजायचं. आमच्याकडच्या थंडीत तो सहसा तग धरत नाही, पण दक्षिणेकडून आलेलं रोप मी आधी वेगळं, कुंडीत ठेवते.

आई इथे राहायला आली तेव्हा सकाळचं हे काम तिने आपल्याकडे घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी ताजी फुलंही खुडून देवघरात नेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “अगं, संध्याकाळी मिटणारच आहेत ना? जास्वंद नाही का आपण रोज काढत?” तिचं खरं होतं. खुडलेलं डेलिलीचं फूल पाण्याशिवायसुद्धा दिवसभर उघडं राहतं; इथल्या प्रदर्शनांत ती तशीच नुसती मांडतात. देवापुढे ती रात्रीपर्यंत टवटवीत राहिली. चीनमध्ये हे आईचं फूल मानतात. दूरदेशी निघालेल्या मुलाने ते आईच्या दारी लावावं, म्हणजे ती काळजी विसरेल, अशी जुनी समजूत आहे. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “काळजी कसली विसरतेय. पण फुलं चांगली आहेत.”

त्याच चीनमध्ये कळ्या वाळवून आंबट-तिखट सुपात घालतात. हादग्याच्या फुलांची भाजी खाऊन वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. आम्ही उमलायच्या आदल्या दिवशीच्या कळ्या काढून लसणाच्या फोडणीवर परतल्या. थोडा करकरीतपणा, थोडी गोडी. मात्र नाव सारखं म्हणून कंदातून येणाऱ्या खऱ्या लिलीला हात लावू नये, तिच्यातल्या काही विषारी असतात. डेलिलीचीही मूठभर कळ्यांपेक्षा जास्त भाजी पहिल्यांदाच खाऊ नये, पोट बिघडू शकतं. आणि घरात मांजर असेल तर दोन्ही झाडं तिच्यापासून लांब ठेवावीत. मांजराची मूत्रपिंडं यांनी निकामी होतात, हे नर्सरीवाला सांगेलच असं नाही.

बियांपासून नवी जात काढण्याचाही नाद लागतो. सकाळी पराग मोकळे झाले की एक पुंकेसर चिमटीत धरून दुसऱ्या फुलाच्या लांब, टोकाला किंचित वर वळलेल्या कुक्षीवर टेकवायचा. दीड-दोन महिन्यांत बोंड तडकतं, आत चकचकीत काळ्या बिया. रोप फुलायला दोन-तीन वर्षं. काय येईल ते तोवर कळत नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला कोल्चिसिन वापरून गुणसूत्रं 22 ची 44 करायला लोक शिकले, आणि फुलं जाड, मोठी, झालरींची झाली. इतकी की काही झालरी थंड सकाळी उघडतच नाहीत, अडकून बसतात. मला साध्या, लांब पाकळ्यांची फुलं अधिक भावतात. डोळ्यांना ती मोकळी वाटतात.

पण बागेतलं माझं सर्वांत आवडतं काम सप्टेंबरचं, गड्डे फोडण्याचं. चार-पाच वर्षांत गड्डा दाट होतो, मधले फुटवे चेपतात, फुलं कमी येतात. पानं वीतभर ठेवून कापायची, चहूबाजूंनी खणायचं आणि सगळा गोळा उचलून गवतावर आपटायचा. पाण्याची धार सोडली की मुळं दिसतात, फिकट, बोटाएवढी जाड, मध्ये मध्ये फुगलेली, एकमेकांत गुंतलेली. दोन काटेकुदळी पाठीला पाठ लावून मध्ये रोवायच्या आणि दांडे विरुद्ध दिशांना लोटायचे. कर्र आवाज होतो, पहिल्यांदा ऐकताना जीव चरकतो. झाडाला काही होत नाही.

यंदा कुंपणालगतची हायपेरियन काढायची आहे. शेजारच्या आजी आता नाहीत, त्यांच्या घरात नवं कुटुंब आलंय. एक पिशवी त्यांची. एक महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीची, तिने नुकतंच घर घेतलंय. प्रत्येक पिशवीत दोन-तीन फुटव्यांचा तुकडा आणि ओला कागद. सोबत सांगायचं ते असं: खड्ड्यात मातीची लहान उंची करा, मुळं तिच्यावरून खाली पसरवा, पानं आणि मुळं जुळतात ती जागा इंचभरच झाका. सहा तास तरी ऊन हवं. थंडी पडेपर्यंत पाणी घाला. पहिल्या उन्हाळ्यात एखादाच दांडा आला तर उपटून टाकू नका. आणि गड्डा दाटला की फोडा, अर्धा कुणाला तरी द्या.