माळवदाची माती उतरवली

सोयाबीनच्या राशीमुळं पंधरा दिवस पेजवर काही टाकलं नाही. आज पिकाचं नाही, जुन्या घराचं लिहितो. गावोगाव घरं कुलूप लावून पडलीत, आणि शेतीचं गणित बसंना म्हणून बरेच जण विचारतात, घर नीट करून भाड्यानं दिलं तर जमंल का? मी केलंय, तर झालं तसं सांगतो.

आमचं घर औसा तालुक्यात. आजोबांनी बांधलेलं. ओळीनं तीन खोल्या, पुढं ओसरी, दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि खोल्यांवर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बाविशीत होतो. गणपती बुडवून लोक नुकतेच आडवे झाले होते. आमचं घर पडलं नाही, एका कोपऱ्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. पण त्या रात्रीनंतर आमच्यातलं कुणी त्या माळवदाखाली झोपलं नाही. शेजारी पत्र्याचं घर उभं केलं आणि जुन्यात कडबा, खताची पोती, फवाऱ्याचा पंप.

मागल्या वर्षी गावच्या आरोग्य केंद्रात दोन सिस्टर आल्या. खोली मिळंना म्हणून रोज तालुक्याहून येणं-जाणं. मला वाटलं, गिलावा, रंग, फरशी, मागं संडास-बाथरूम, एवढं केलं की झालं. गवंड्याचंही तेच म्हणणं. आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "आरं, ज्या घरात आपुन तीस वरीस पाठ टेकली नाही, तिथं दुसऱ्याची लेकरं झोपवतूस व्हय?"

मी काही बोललो नाही. काम मात्र सुरूच ठेवलं. एका खोलीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. पहिल्याच पावसाळ्यात तो फुगला आणि पापडासारखा निघाला. मातीची भिंत जोत्यातून ओल ओढती आणि हवेला सोडती. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडती आणि माती भुसभुशीत होती. अठरा हजार गेले. नंतर सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला, तो टिकलाय.

तेव्हा कुठं मी ओळखीच्या एका इंजिनिअर काकांना आणलं. आता रिटायर आहेत, भूकंपानंतर घरं मजबूत करायच्या सरकारी कामावर होते. त्यांनी भिंत बघायच्या आधी मला माळवदावर चढवलं आणि साण्याजवळ पहार मारायला लावली. दोन फूट माती! दर मिरगाच्या आधी गळू नये म्हणून आजोबा, मग वडील, पांढरी टाकत आले. काढली कुणीच नाही. तीस फूट बाय बारा फुटाचं माळवद, म्हणजे सातशे वीस घनफूट, सात ब्रासच्या वर. वजन तीस टनाच्या पुढं. आम्ही एवढं वजन डोक्यावर घेऊन जन्मभर निवांत झोपलो होतो.

भिंतीचंही त्यांनी दाखवलं. बाहेरून दगड दिसतो, पण भिंत दोन पदरांची, मधी माती आणि दगडाच्या कपच्या. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड कुठंच नाही. हादरा बसला की बाहेरचा पदर पोट काढतो आणि ढासळतो. भूकंपात माणसं जास्त करून अशा भिंती आणि वरची माती यांच्याखालीच गेली. ज्यांच्या लाकडी खणांचे सांधे पक्के होते, त्यातले काही वाचले.

मग उन्हाळ्यात माती उतरवली. ट्रॅक्टरच्या नऊ ट्रॉल्या निघाल्या. जुनी सागवानी तुळई आणि खांब चांगले होते, ते ठेवले. खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू मारले. भिंतीत मीटर-मीटरवर आरपार भोकं पाडून दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घातली आणि काँक्रीट भरलं. चीर गेलेला कोपरा उकलून परत रचला. दाराच्या वरच्या लेव्हलला आतून-बाहेरून जाळीची पट्टी मारली. वर पत्रा.

पत्र्याचं खरं सांगतो, माळवदाचा गारवा गेला. ऑक्टोबरच्या उन्हातच सिस्टर म्हणाल्या, "काका, दुपारी बसवत नाही." पत्र्याखाली तुराट्यांचा तट्टा बांधलाय आणि वरून चुना मारलाय. मे महिन्यात काय होतंय ते कळंल.

गिलाव्याचे वाया गेलेले धरून एकूण दोन लाख पंच्याऐंशी हजार लागले. दोन खोल्यांचे मिळून महिना पाच हजार येतात. हिशोब तुम्हीच करा, पाच वर्षाच्या आत काही हाती लागत नाही. गवंड्याच्या पहिल्या अंदाजापेक्षा दुप्पट खर्च झाला. नमुना आठला भावाचं पण नाव आहे, त्याची लेखी संमती आधी घेतली. अकरा महिन्यांचा करार नोंदवून घेतला. ती जबाबदारी मालकाची असती, भाडेकरूची नाही. तिसऱ्या खोलीत बळद आहे, ती खोली आईनं देऊ दिली नाही.

आई अजून अंगणातच झोपती. थंडी पडली की बघू.

आता शेताचं. नऊ ट्रॉल्या पांढरी बांधाला पडून आहे. जुनी माणसं गावठाणाची पांढरी रानात टाकायची, म्हणून मीही टाकणार होतो. आधी नमुना तपासला तर ईसी १.६ आला, क्षार जास्त आहेत. एकदम न पसरता पाव एकरात एक ट्रॉली टाकून हरभरा घेतोय. कुणी माळवदाची माती रानात टाकून बघितली असंल, तर जमीन कोणती आणि पीक कोणतं, खाली लिहा.