नव्याला नवे, जुन्याला त्याचेच

मैत्रिणींनो, लोणची आणि लोकरीच्या टाक्यांच्या शेजारी हे मोटारीचे इंजिन कुठून आले, असे तुम्हांला वाटेल. पण ज्या घरात फराळाइतकीच गाडीच्या ऑइलची काळजी केली गेली, त्या घरातल्या बाईने दुसरे काय लिहावे?

आमची अँबॅसडर सासऱ्यांच्या वेळची. जुने, १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला ही गाडी बनायची. २०१४ साली ती बनायची थांबली. आमच्या ह्यांनी तिचे इंजिन दोनदा स्वतः उतरवून पुन्हा बांधले होते. मी तेव्हा चहा द्यायची आणि रॉकेलमध्ये बोल्ट धुऊन द्यायची, एवढेच. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, शब्द तोंडातून बाहेर पडायला वेळ लागू लागला. डोके मात्र लख्ख आहे. हे पाहुण्यांच्याच काय, घरच्यांच्याही लक्षात राहत नाही.

गेल्या वर्षी गाडी टकटकू लागली, चढावर दमू लागली. गॅरेजमध्ये इंजिन उघडले, तर कॅमशाफ्ट झिजलेला निघाला.

कॅम म्हणजे काय, ते तुम्हांला अवघड नाही. झिगझॅग मशीनमध्ये सुईला डावी-उजवीकडे ढकलणारी चकती असते ना, तोच कॅम. इंजिनातल्या लांब दांड्यावर असे अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे असतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की ह्याचा एक होतो. प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट बसलेला असतो, लहानशा पेल्यासारखा. उंचवटा त्याला उचलतो, तो वरच्या सळईला, सळई रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा झिजला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. मग गाडीला दम कुठला?

मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, शाफ्ट नवा टाकू. टॅपेट जुनेच चालतील, तेवढेच पैसे वाचतील." हे शेजारीच खुर्चीवर. "न... न..." करत होते. तो त्यांच्याकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिला. मी म्हटले, "थांबा जरा, त्यांना बोलू द्या." मिनिटभर गेला. मग शब्द आला, "नव्याला नवे."

अगदी बरोबर होते ते. टॅपेट नुसता वर-खाली होत नाही, हळूहळू स्वतःभोवती फिरतही असतो. वर्षानुवर्षे एकाच उंचवट्यावर घासून त्याचा तळ त्याच्यापुरता झिजतो. तो नव्या शाफ्टवर बसवला तर नीट फिरत नाही आणि नव्या उंचवट्याला खाऊन टाकतो. शाफ्ट जुनाच ठेवायचा असेल तर टॅपेट जुने चालतात, पण ज्याचा तो त्याच जागी. मेकॅनिकने मात्र आठही एका डब्यात टाकलेले होते.

मी दुसऱ्याच दिवशी टेम्पो बोलावला आणि इंजिन घरी आणले. हे सांगायचे आणि मी करायची. नवा शाफ्ट आणि आठ नवे टॅपेट आणले. सळया जुन्याच, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोके पाडून, आकडे घालून, ओळीने खोचल्या.

शाफ्ट समोरून आत सरकवायचा असतो. आतली बेअरिंगे मऊ धातूची, उंचवट्यांच्या कडांनी ओरखडतात. म्हणून बेअरिंगांना तेल, उंचवट्यांना मॉलिब्डेनमचा काळा लेप, आणि दोन्ही हातांनी तोलून, फिरवत फिरवत आत. "ह... ळू," एवढेच हे म्हणत. मग ब्लॉकच्या बाजूच्या झाकणांतून टॅपेट. तेल लावलेला टॅपेट आपल्याच वजनाने सावकाश खाली उतरला पाहिजे. अडकला तरी वाईट, डगमगला तरी वाईट. पुढे साखळी चढवताना दोन्ही चक्रांवरचे ठिपके समोरासमोर आणायचे, नाहीतर व्हॉल्व्हची वेळ चुकते.

शेवटी रॉकर आणि व्हॉल्व्ह ह्यांच्यातली फट. धातू तापून फुगतो, म्हणून ती ठेवावीच लागते. किती, ते गाडीच्या पुस्तकात असते. इथे ह्यांची नऊची युक्ती. पहिल्या व्हॉल्व्हची फट बघायची तर आठवा पूर्ण उघडलेला हवा. तिसऱ्याची बघायची तर सहावा. बेरीज नेहमी नऊ. एका हातात पाना, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर, मग फटीत पातळ पट्टी कोण धरणार? ती ह्यांनी डाव्या हाताने धरली. पट्टी हलकी ओढ देत सरकली की मान हलवायचे, मी नट आवळायची. आठही व्हॉल्व्ह असे लावले.

पहिल्यांदा इंजिन सुरू झाल्यावर ते मंद ठेवायचे नाही. वीस मिनिटे, मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर चालू द्यायचे, म्हणजे शिंपडले जाणारे तेल उंचवट्यांना भरपूर मिळते आणि नवे टॅपेट नव्या शाफ्टशी जुळतात. हे घड्याळ धरून बसले होते. टकटक नव्हती.

तुम्हांला कधी इंजिन बांधावे लागेल असे नाही. पण गॅरेजमध्ये शाफ्ट बदलताना टॅपेटही नवे का, एवढे जरूर विचारा. आणि तुमच्या घरात कुणाचा शब्द उशिरा येत असेल, तर त्याच्या वतीने आपणच उत्तर देऊन टाकू नका. मिनिटभर थांबा. आणि समोरच्यालाही थांबायला सांगा.