इलेव्हनचं गाव

हॉकिन्स, इंडियाना. नकाशात शोधत बसू नका, मिळणार नाही. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधलं हे गाव खरं तर शेकडो मैल दक्षिणेला, जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या आजूबाजूला तुकड्या-तुकड्यांनी पसरलंय. शाळा एकीकडे, बाजारपेठ दुसरीकडे, मॉल तिसरीकडे. कारण अजिबात रोमँटिक नाही. टॅक्स! 2008 पासून जॉर्जिया सरकार शूटिंगच्या खर्चावर वीस टक्के करसवलत देतं आणि राज्याचा पीचवाला लोगो झळकवलात तर आणखी दहा. निर्मातेही शेवटी आपल्यासारखेच. सेलचा बोर्ड दिसला की गाडी वळवणार.

मी गेले ते 2022 च्या मे महिन्यात, ताईकडे. ती अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटात राहते. चौथा सीझन 27 मेला येणार होता आणि माझी तेरा वर्षांची भाची नुसती उकळत होती. माझा जेट लॅग उतरायच्या आतच तिनं जाहीर केलं, “मावशी, उद्या क्वॉरी!” ताईला ही सिरीज मुळीच आवडत नाही. “पोरीच्या नाकातून रक्त येतं ते बघवत नाही गं,” असं म्हणत तिनं गाडी मात्र काढली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : 2016 ते 2025, नेटफ्लिक्स, पाच सीझन, 80च्या दशकातली अमेरिका. सरकारी प्रयोगशाळेत वाढलेली, हातावर 011 गोंदवलेली एक मुलगी. म्हणून नाव इलेव्हन. ती नुसत्या मनानं वस्तू हलवते. डोळ्यांवर पट्टी बांधून, टीव्हीची खरखर लावून बसली, की मैलोन् मैल दूर असलेला माणूस तिला समोर दिसतो. हे सगळंच हवेतलं नाही बरं का. अमेरिकी सैन्यानं आणि गुप्तहेर खात्यानं अशी ‘दूरदृष्टी’ असल्याचं म्हणणाऱ्या माणसांवर खरोखर वर्षानुवर्षं पैसा ओतला आणि 1995 मध्ये, उपयोग शून्य म्हणत, दुकान बंद केलं.

तर क्वॉरी. म्हणजे बेलवूडची दगडखाण. पहिल्या सीझनमध्ये माइक मित्राला वाचवायला इथल्या कड्यावरून उडी मारतो आणि इलेव्हन त्याला हवेतल्या हवेत थांबवते. आता भोवती वेस्टसाइड पार्क झालंय. 2021 मध्ये उघडलेलं, 280 एकरांचं, अटलांटातलं सगळ्यात मोठं. खाणीत शहराचा राखीव पाणीसाठा आहे, तब्बल 2.4 अब्ज गॅलन. कठड्यावरून खाली बघितलं तर उभे ग्रॅनिटचे कडे आणि तळाशी गप्प पाणी. आम्ही पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती, हवा अगदी मुंबईसारखी चिकट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कैद्यांना जुंपून इथला दगड फोडून घेतला जायचा. भाचीनं मला उडीची पोझ द्यायला लावली. फोटो हॉरिबल आलाय, छापणार नाही.

दुसरा मुक्काम ब्रायरक्लिफ रोड. इथली एमरी विद्यापीठाची पडीक इमारत म्हणजे सिरीजमधली हॉकिन्स लॅब. आम्ही बाहेरूनच बघितली. कडेला रानटी वेली, मागे करडं, चौकोनी, थंड बांधकाम. 1965 मध्ये हे मनोरुग्णालय म्हणून सुरू झालं, 1997 मध्ये बंद पडलं. त्याच्याही आधी ही सगळी जागा म्हणजे कोका-कोला कंपनी उभी करणाऱ्या एसा कँडलरच्या मुलाची इस्टेट. या पठ्ठ्यानं घराशेजारी खासगी प्राणिसंग्रहालय पाळलं होतं! आता गंमत बघा. लॅबमध्ये इलेव्हनला मनानं चिरडायला काय देतात? कोकचा कॅन. हे मुद्दाम केलंय की योगायोग, देव जाणे, पण मी तिथे उभी राहून एकटीच हसत होते.

ताई हसली नाही. ती म्हणाली, “इथून सीडीसी किती जवळ आहे माहितीये?” सीडीसी म्हणजे अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारं. ते खरंच पाच-दहा मिनिटांवर होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही. आम्ही डीकेटरच्या पटेल प्लाझात जाऊन चाट खाल्लं.

जॅक्सनला जायला तासभर लागतो. हॉकिन्सचा मेन चौक तो हाच. छान, टुमदार गाव आहे, पण अर्ध्या तासात बघून होतं. डुलूथचा ग्विनेट प्लेस मॉल, म्हणजे तिसऱ्या सीझनमधला ‘स्टारकोर्ट’, आम्ही फक्त पार्किंगमधून बघितला. नियॉन दिव्यांचा सेट कधीच उतरवला होता. मागे उरलेला मॉल मात्र खरोखरच मेलेला होता.

त्या रात्री साडेनऊला, म्हणजे सांगलीत सकाळी सातला, नेहमीसारखा आईचा व्हिडिओ कॉल. आईला फोन नीट धरता येत नाही. निम्मा वेळ पंखा दिसतो, निम्मा वेळ तिचं कपाळ. “आवाज येतोय का गं?” मध्येच खरखर. वर्षभरापूर्वी, मे 2021 मध्ये, बाबा गेले तेव्हाही ताई याच टेबलापाशी बसली होती. 4 मेपासून अमेरिकेनं भारतातून येणाऱ्यांना बंदी घातली होती. ताई गेली असती, तर परत कधी येता आलं असतं हे कुणीच सांगू शकत नव्हतं. भाची तेव्हा बारा वर्षांची. सांगलीत मी फोन धरून उभी होते, पीपीई किटमध्ये, बाबांपासून वीस फुटांवर. हात थरथरत होता म्हणून ताईला सगळं हलतंच दिसलं. ती मला नंतर कधी त्याबद्दल बोलली नाही, मीही विचारलं नाही.

कॉल संपल्यावर भाची म्हणाली, “मम्मा, इलेव्हनचं पण सेम असतं. तिला माइक अगदी समोर दिसतो. पण हात लावायला गेली ना, की धूर.”

ताई उठून भांडी घासायला लागली. डिशवॉशर होता तरी.

27 मेला आम्ही तिघी सोफ्यावर बसलो. रक्ताचे सीन आले की ताई डोळे मिटून घ्यायची आणि “झालं का? झालं का?” विचारायची, पण उठली नाही. रात्री दीड वाजता तिनं लॅपटॉप उघडला आणि व्हिसा स्टॅम्पिंगच्या तारखा बघायला लागली. सगळं फुल. मी झोपायला गेले तरी ती रिफ्रेश मारतच होती.

सकाळी चहा करताना म्हणाली, “फेब्रुवारीची मिळाली.”

भाचीनं कॉर्नफ्लेक्समधून डोकं वर काढलं. “आजीकडे वाय-फाय आहे?”