बोलकी जमीन

आमच्या वाड्यात माडीची जमीन लाकडी आहे. म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर आम्ही. पाऊल टाकलं की ती बोलते. पावसाळ्यात लाकूड फुगून घट्ट बसतं, तेव्हा जरा दमानं. उन्हाळ्यात तेच आकसतं, खिळे सैल होतात, फळी खिळ्यावर घासते आणि खालचं बिऱ्हाड छताकडे बघत बसतं.

फटींत टाल्कम पावडर भरा, हा सल्ला शेजाऱ्यांचा. फुकट असल्यामुळे आधी तोच अमलात आणला. चार दिवस जमीन गप्प आणि खोलीला लग्नघराचा वास! पाचव्या दिवशी पुन्हा करकर.

शेवटी सुतार बोलावला. तो म्हणाला, "साहेब, खिळा पुन्हा वर येतो. स्क्रू मारू, थेट तुळईत. फट असेल तिथं पाचर."

एकेक फळी गप्प होऊ लागली. थकलेलं कर्ज वसूल होताना आमच्या मॅनेजरचा चेहरा होतो, तसा माझा झाला. अण्णांच्या खाटेजवळच्या फळीशी आलो, तशी आई म्हणाली, "ती राहू दे."

"अगं, सगळ्यांत जास्त तीच करकरते!"

"म्हणूनच. रात्री हे उठले की मला शेजारच्या खोलीत कळतं."

अण्णा ८१ वर्षांचे. अंधारात भिंत धरून जातील, पण हाक मारायचे नाहीत.

"आणि जिन्याजवळचीही राहू द्या," सौभाग्यवती म्हणाल्या. चिरंजीव यंदा कॉलेजात गेलेत.

सुतारानं दोन फळ्यांचे पैसे मात्र कमी केले नाहीत.