माया सोडून कापावं

शिवणकामात टीप मारण्यासाठी कापडाच्या कडेला जी जास्तीची जागा ठेवतात, तिला आपण ‘माया’ म्हणतो. फार नेमका शब्द आहे. माया कमी पडली की जोड उसवतो, जास्त झाली की आत नुसता जाडपणा होतो. गोधडीचे तुकडे मशीनवर जोडायचे तर मी पाव इंच माया ठेवते. पाव इंच म्हणजे दोन सूत. एवढ्याशा जागेत कापण्यातला वाकडेपणा लपत नाही.

आमच्या तामसीकडे गोधडीवाचून चालत नाही. आदिलाबादचा हा कापसाचा मुलूख, आणि थंडीही तेलंगणातली सगळ्यांत कडक इथलीच. आम्ही गोधडी म्हणतो, तेलुगू शेजारणी बोंत म्हणतात. आतलं जुनेर तेच. जुन्या बाया कात्री फारशी लावत नसत. काठाला जरा चीर द्यायची आणि टर्रकन फाडायचं. त्यात शहाणपण होतं. सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, म्हणून तुकडा आपोआप सरळ निघे. आणि ठिगळं थरांवर मांडून सगळ्यांतून धावदोरा घालायचा असल्यानं बोटभर इकडं-तिकडं चालून जाई.

सासूबाई गेल्या तेव्हा ट्रंकेत त्यांची चार लुगडी निघाली. जाऊबाई म्हणाल्या, “आईंच्या लुगड्याला कात्री लावायची नाही.” मी म्हटलं, “ठेवलेलं लुगडंही घडीवर विरतं. त्यापेक्षा नाती पांघरतील.” विषय सहा महिने तसाच राहिला. मग दिवाळीच्या आवराआवरीत त्यांनीच एक लुगडं उलगडलं. घडीच्या रेघेवर कापड चिरलं होतं. ते हातात धरून बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, “कापायचंच तर नीट काप. धागा वाया जायला नको.”

आता विरलेलं कापड फाडून भागत नाही. ते रेषा सोडून कमजोर जागी जातं, फाडलेली कड लाटेसारखी होते आणि धागे सुटतात ते वेगळेच. म्हणून सूनबाईनं आणलेलं रोटरी कटर काढलं. मुठीला बसवलेलं गोल फिरतं पातं, बस. जपानच्या ओल्फा कंपनीनं ते १९७९ साली पहिल्यांदा बाजारात आणलं. आपल्या कामाला ४५ मिलिमीटरचं पातं बरं. खाली त्याची खास मॅट लागते, वर ॲक्रिलिकची जाड पट्टी.

पण हत्यार आणलं म्हणजे काप सरळ येतो असं नाही, बरं का. आधी लुगडं उजेडाकडे धरून बघा. जिथून उजेड जास्त येतो तो भाग आतल्या थरात घाला, वर घेऊ नका. उरलेल्याला पातळ कांजी आणि इस्त्री. मऊ कापड पात्यापुढं पळतं, कांजी दिलेलं जागेवर राहतं. घडी काठाला काठ जुळवून घाला आणि पट्टी घडीला बरोबर काटकोनात ठेवा. नाहीतर उलगडल्यावर पट्टी मध्ये कोपरासारखी वाकते.

कापताना उभं राहावं. डावा पंजा पट्टीवर पसरून, बोटं कडेपासून आत. पातं पट्टीला चिकटून, सरळ उभं, आणि ढकलायचं ते आपल्यापासून दूर. एकाच चालीत. करवतीसारखं मागं-पुढं केलं की कड कुरतडल्यासारखी होते. जोर लावावा लागला तर थांबा, पातं बोथट झालंय. ठरावीक अंतरावर एकेक धागा शिल्लक राहत असेल तर पात्याला खाच पडली आहे. कधी नुसते कापसाचे तंतू अडकलेले असतात. काळजीनं पुसून मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला की काम होतं.

एवढी उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. हिशोब करा. सोळा पट्ट्यांत प्रत्येकी अर्ध्या सुताचा फरक पडला, तर शेवटी पुरा एक इंच सरकतो. मग आपण तो ओढून-ताणून बसवतो, आणि ते सगळं मायेतून जातं. दोन-चार धुण्यांत जोड तिथंच उसवतो. नीट कापणं म्हणजे कोरडेपणा नव्हे. ज्यानं लुगडं शिल्लक ठेवलं त्याच्या पुढच्या वीस वर्षांची ती सोय आहे. जाऊबाईंचं म्हणणं आणि माझं म्हणणं तसं एकच होतं.

त्या शेजारी बसून काठ निवडत होत्या. काठ आम्ही कापले नाहीत, अख्खे उतरवून चारी बाजूंना लावले.

आपल्याकडे जयणा सांगतात, उठता-बसता जपून वागणं. ती या कामाला अगदी लागू पडते. एक काप झाला की पातं मिटवायचं, पुढचा काप लगेच असला तरी. खाली रांगणारं मूल असतं, मुंग्या असतात, आपला स्वतःचा पाय असतो. आणि जुनं पातं कचऱ्यात तसंच टाकू नका. पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डबीत ठेवा. डबी भरली की भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून द्या. कचरा उचलणाऱ्या बाईचे हात उघडे असतात.