रामाभ्याम् तीनदा येते

घोकंपट्टीनं संस्कृतचं वाटोळं केलं, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. चारचौघांत संस्कृतचा विषय निघाला की मी ते ऐकवायचीच, आणि पाठोपाठ चर्चिलचा किस्सा. शाळेत गेल्या गेल्या त्याला लॅटिनमधला ‘मेन्सा’, म्हणजे टेबल, हा शब्द चालवायला दिला. संबोधनापाशी पोरगं अडलं. ‘हे टेबला’ असं कधी म्हणायचं? मास्तर म्हणाले, टेबलाशी बोलायचं असेल तेव्हा. पण मी टेबलाशी बोलतच नाही, असं म्हटल्यावर शिक्षेची तंबी मिळाली. चर्चिलनं आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय, आणि माझ्यासारख्यांची सोय करून ठेवलीय.

तेव्हा घरी तिघांना संस्कृत शिकवायचं ठरलं, तर एक गोष्ट पक्की होती: ‘रामः रामौ रामाः’ होणार नाही. संस्कृतच्या शिकवणीसाठी पोरांना धामणगावाहून रोज अमरावतीला धाडणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून मीच बसले. थोरलीनं आठवीत संपूर्ण संस्कृत घेतलेलं, शंभर मार्कांचं. मधला सातवीत. धाकटी चौथीत, पण ताई जे करील ते तिला करायचंच होतं. मी तिघांच्या वह्या वेगळ्या केल्या, वेळा वेगळ्या केल्या, पुस्तकंही वेगळी. थोरलीला रा. गो. भांडारकरांची मार्गोपदेशिका, मधल्याला सातवळेकरांचं स्वयंशिक्षक, आणि धाकटीला नुसतं बोलणं: हे काय, ते काय, अहं गच्छामि. तसं मी संस्कृत भारतीच्या दहा दिवसांच्या संभाषण शिबिरात शिकले होते, आणि ते मला फार आवडलंही होतं.

कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात एकीला घेऊन बसलं की उरलेले दोघं रिमोटवरून भांडत. मधल्याचा पाठ संपेस्तोवर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहत, आणि धाकटीची पाळी येईपर्यंत ती झोपलेली. एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजींबद्दलचा माझा आदर त्या काळात खूप वाढला.

मग हिवाळ्यात एकदा सोल्यांसाठी तुरीच्या शेंगा सोलत आम्ही चौघं अंगणात बसलो होतो. थोरलीची चाचणी होती. माझ्याकडे न बघता तिनं रामशब्द मोठ्यानं म्हणायला घेतला. शाळेत तो पाठ लागतोच, माझी मतं काहीही असोत. दुसऱ्या खेपेला धाकटी मागून म्हणू लागली, अर्थबिर्थ काही माहीत नसताना. चौथ्या-पाचव्या खेपेला ती मध्येच थांबली. “आई, रामाभ्याम् त तीनदा येते नं!”

येतं. तृतीया, चतुर्थी, पंचमी. थोरली बोटांवर मोजत बसली. संबोधन धरून रामशब्दाची रूपं चोवीस. त्यातली द्विवचनाची आठ, पण वेगळी म्हणाल तर तीनच: रामौ, रामाभ्याम्, रामयोः. तिच्या वहीत हा तक्ता वर्षभर होता, मी आखून दिलेला, दोन रंगांत. डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते दहा वर्षांच्या पोरीच्या कानानं पकडलं.

दुसऱ्या दिवशी वनशब्द झाला. वनम्, वने, वनानि. द्वितीयेत पुन्हा तेच. यावर मधल्याचा प्रश्न: नुसतं ‘वनम्’ दिसलं तर तो कर्ता की कर्म, कसं ओळखायचं? थोरली म्हणाली, क्रियापदाला विचार. ही भानगड लॅटिनमध्येही तशीच आहे, तिथंही नपुंसकलिंगी शब्दाची प्रथमा आणि द्वितीया एकच असते, हे मी त्यांना सांगितलं. पण तोवर मला विचारतंय कोण? दोघांचं आपसांत सुरू झालं होतं.

माझं मत तिथून हललं. संस्कृतमध्ये चौथीतली आणि आठवीतली मुलं एकाच पायरीवर बसू शकतील अशी एकच जागा आहे, आणि ती पाठांतराची. अर्थ, संधी, समास, भाषांतर या सगळ्यांत वय आडवं येतं. म्हणण्यात येत नाही, उलट लहानगं पुढे जातं. जुन्या पाठशाळेत सगळ्या वयांची मुलं एका ओसरीवर बसत, मोठी लहानांकडून म्हणवून घेत. त्या ओसरीला पाठांतराचाच आधार होता. भांडारकरांनी 1860 च्या दशकात पुस्तकं लिहिली ती इंग्रजी पद्धतीच्या शाळेसाठी, जिथं एका वर्गात एका इयत्तेची पोरं बसतात. पुस्तक उत्तम आहे, आजही आहे. पण माझ्या घरात तसा वर्ग नव्हता आणि मी तो वेळापत्रकानं तयार करू पाहत होते.

आता रोज दहा मिनिटं तिघं मिळून म्हणतात, मग आपापल्या वहीकडे जातात. धाकटीला अजूनही निम्म्याचा अर्थ कळत नाही आणि मी सांगायची घाई करत नाही. दोन वर्षांपूर्वी हे कोणी केलेलं पाहिलं असतं, तर त्याला मी चर्चिल ऐकवला असता.

मात्र पाठांतरानं सगळं भागतं असं म्हणणाऱ्यांतही मला जायचं नाही. थोरली यंदा दहावीला आहे. समासाचा विग्रह रूपं म्हणून येत नाही; तिथं तिला एकटीला घेऊनच बसावं लागतं, दार लावून. लांबलचक समासांवर ती वैतागते. समासांचा सोस नसलेल्या सुबोध शैलीला काव्यशास्त्रात वैदर्भी रीती म्हणतात, आपल्या मुलखाच्या नावानं, असं मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, मग पेपर काढणारे विदर्भाबाहेरचे दिसतात.

मधल्यानं आठवीत हिंदी-संस्कृत संयुक्त घेतलं, पन्नास-पन्नास मार्कांचं. मला संपूर्ण हवं होतं, पण तो ऐकला नाही. म्हणायला मात्र अजून बसतो.

सध्या लोट् लकारावर अडलंय. थोरली म्हणते, बोर्ड झाल्यावर घेऊ. धाकटीला तो आजच हवा आहे, कारण त्यात लोकांना हुकूम सोडता येतात हे तिला कोणीतरी सांगितलंय. आणि मधल्याचं म्हणणं, कधीही घ्या, फक्त मॅचच्या वेळात नको.