बलुतं चालू आहे

पोखर्णी म्हटलं की लोकांना नृसिंहाचं देऊळ आठवतं. परभणीहून गंगाखेडकडे जाताना हे गाव लागतं. रेल्वेनंही स्थानकाच्या पाटीवर गावाला देव जोडून ठेवलाय: पोखर्णी नृसिंह. माझ्यापुरतं मात्र हे एका कुंभाराचं गाव आहे. मी हातानं केलेल्या मातीच्या फरशा विकून पोट भरतो. कुणी त्या देवघराच्या भिंतीला लावतं, कुणी स्वयंपाकाच्या ओट्यामागं. या कामातलं मला जे थोडंफार येतं, त्याचा मोठा वाटा आबांचा. आभार मानले की आबा तोंड फिरवतात, त्यामुळं हे आभारासाठी लिहीत नाही. देणं नेमकं कशाकशाचं आहे, ते एकदा मांडून बघतोय.

आमच्या आणि त्यांच्या घरातलं देणंघेणं माझ्या जन्माआधीचं. संक्रांतीची सुगडी, आखितीचं केळी-करा, नवरात्रातल्या घटाचं मडकं, पोळ्याचे मातीचे बैल आणि माणूस गेलं की शेवटचं मडकं, सगळं त्यांच्या घरून यायचं. सुगी झाली की आमच्या खळ्यावरून त्यांच्याकडं ज्वारी जायची. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त कुंभार बलुतेदारांच्या मधल्या ओळीत आहे. आमच्या खळ्यावर मात्र आबा कडेला उभे असायचे. माझे आजोबा त्यांना अरे-तुरे करायचे आणि ते आजोबांना मालक म्हणायचे. माप आजोबांच्या हातात, पसरलेलं धोतर आबांचं. त्यामुळं बलुत्याचे गोडवे माझ्यानं गायले जाणार नाहीत. एवढं मात्र खरं, की तो हिशेब कधी बंद व्हायचा नाही. या सालचं बाकी पुढच्या साली, आणि पुढचं त्याच्या पुढं.

मग स्टील आलं, प्लास्टिक आलं. रानात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि मळणीयंत्रानं खळंच मोडलं. आमच्या घरून ज्वारी जायची थांबली. कुणी ठरवून थांबवली नाही, नुसती थांबली. सुगडी मात्र दर संक्रांतीला येत राहिली. आईनं पैसे पुढं केले की मामी, म्हणजे आबांच्या मंडळी, हात मागं घ्यायच्या. “ऱ्हाऊ द्या वैनी, बलुत्याचं हाय.” बलुतं बंद पडून वर्षं उलटली होती आणि त्यांच्या बाजूनं ते चालूच होतं.

मी शहरात सिरॅमिकचं शिक्षण घेतलं, विजेच्या भट्टीवर काम केलं. माती पोत्यांतून यायची, राजस्थानातली, गुजरातेतली. पांढरी आणि दळलेली. गावच्या मातीची फरशी करायचं मनात घेऊन पोखर्णीला आलो, तेव्हा सोबत एक पोतं आणलं होतं. आबांनी चिमूट उचलून बोटांत चोळली. “गुणाची हाय,” ते म्हणाले, “पर बिनखोडीच्या मातीला कुंभार कामून लागतोय?”

आमच्या मातीत खोडी भरपूर. परभणीची काळी जमीन कापसाला, तुरीला, ज्वारीला चांगली, कुंभाराला मात्र छळते. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती फार. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते आणि पाणी गेलं की आखडते. चैत्र-वैशाखात आमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. मडकं यातून निभावतं, कारण गोल वस्तू चहूकडून सारखी आखडते. फरशीला चार कोपरे असतात. कोपरा आधी वाळतो, आधी आखडतो आणि मधल्या ओल्या भागाला सोडून वर उचलला जातो.

आबांचा इलाज साधा होता. तळ्यातला गाळ घ्यायचा. त्यात ओढ्याची बारीक वाळू, चाळलेली घोड्याची लीद आणि जुन्या खापरांची पूड मिसळायची. लिदीतला काडीकचरा भट्टीत जळतो आणि वाफेला बाहेर पडायला वाट राहते. खापराच्या पुडीचं कारण मी पुस्तकात वाचलं होतं, पण आबांइतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं: “एकदा भाजलेलं दुसऱ्यांदा आखडत न्हाई. ते कच्च्याला धरून ठेवतं.” शहरात हीच पूड ग्रॉग या नावानं पोत्यात विकत मिळते. आबांच्या परसात फुटक्या मडक्यांचा ढीग होता आणि त्यात आमच्याही घरची खापरं होती.

सपाट फरशी त्यांनी कधी केली नव्हती. कौलं येत होती, तीही इथली नव्हेत. आमच्याकडं घरं माळवदाची, कौलाला गिऱ्हाईक नाही. आबांची सासुरवाडी पुसदच्या बाजूची. तिकडं छपरं कवेलूंची, म्हणून सासऱ्याच्या हाताखाली ते शिकले. चाकावर एका टोकाला निमुळता नळा ओढायचा, ओला असतानाच समोरासमोर दोन उभ्या चिरा द्यायच्या, पण आरपार नाही. वाळल्यावर हलक्या हातानं दाबलं की एका नळ्याची दोन कौलं होतात. माझ्या फरशीसाठी त्यांनी याच नळ्याला एकीकडून आरपार चिरलं, उलगडलं आणि राख भुरभुरलेल्या फळीवर पसरलं. चाकावर फिरलेली माती परत वळायला बघते. म्हणून पाठीवरून थापीनं चोपायचं, उलटायचं, पुन्हा चोपायचं. पुढं आम्ही लाकडी साचा केला, पण चोपणं सोडलं नाही. माझ्या फरशांच्या पाठीवर आजही थापीचे वळ असतात. ते पुसून टाकत नाही, कारण भिंतीचा माल त्यांनाच घट्ट धरतो.

वाळवायचं कुठं, हा मोठाच प्रश्न होता. उन्हाळ्यात इथलं ऊन चाळिशीपार जातं आणि वारा झळांचा. आबांनी आमचं जुनं घर मागितलं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीची जड घरं झोपेतल्या माणसांवर पडली आणि माळवदाखाली झोपायला आमच्या भागातही लोक कचरू लागले. ज्याला जमलं त्यानं पत्रे टाकले, मग स्लॅब. आमचंही घर असंच मोकळं पडलं होतं. त्याच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर, त्यामुळं भर दुपारीही आत हवा एकसारखी गार. गोणपाटाखाली, दोन फळ्यांच्या मध्ये, रोज उलटत, फरशा तिथं सावकाश वाळल्या. मोरबीच्या कारखान्यात कोरडी पूड दाबून केलेली फरशी रोलर भट्टीतून तासाभरात भाजून बाहेर पडते, आणि पोखर्णीतल्या नव्या घरांत आता तीच बसते. आमच्या फरशीला नुसतं वाळायलाच आठवडा जायचा. माळवद पाडायचा विषय भावानं कितीदा तरी काढला होता. त्या उन्हाळ्यापासून काढला नाही.

आवा लावायचा तो वारा पडल्यावर, दिवेलागणीला. खाली गोवऱ्या आणि तुराट्या, वर फरशा. त्या आडव्या रचायच्या नाहीत, खालच्या फरशीला वरचीचा भार सोसत नाही. काठावर उभ्या, एकमेकींना टेकून, मध्ये बोटभर जागा सोडून. सगळ्यात वर मडकी, मग भुसकट, फुटकी खापरं आणि राखेचा लेप. सुरुवातीला धूर पांढरा आणि जड निघतो, ती वाफ. “घाम निघू दे तिचा,” असं म्हणत आबा तोवर आग वाढू द्यायचे नाहीत. मातीतलं वरवरचं पाणी शंभर अंशांच्या आसपास जातं. तिच्या घडणीतच बांधलेलं पाणी सुटायला साडेचारशे ते सहाशे अंश लागतात. ५७३ अंशांना वाळूतला क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि निवताना त्याच अंशाला आखडतो, म्हणून आवा गरम असताना उघडला की फरशी चिरते. शहरात हे मला आकड्यांनी कळत होतं. आबा वरच्या खापरावर पाण्याचा थेंब टाकायचे, तो चर्र वाजला की उठून जायचे आणि तो नुसता जिरू लागला की उघडायला घ्यायचे.

उघडल्यावर एकेक फरशी बोटांवर तोलून वाजवायची. खणखणीत आली तर इकडं, बद्द वाजली तर तिकडं. तेरच्या गोरोबांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवांचं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असलं तरी १९९९पर्यंत आमच्या परभणीतच होतं. “कच्चं मडकं आपल्याच जिल्ह्याचं,” असं म्हणून आबा हसायचे आणि बद्द वाजलेली फरशी ढिगावर टाकायचे. तिची पूड व्हायची आणि पुढच्या मातीत जायची.

खणखणीत आलेल्या फरशाही त्यांनी मला लगेच नेऊ दिल्या नाहीत. “एक पावसाळा खाऊ दे.” कारण होतं चुनखडी. आमच्या मातीत तिचे खडे फार. कितीही चाळा, वेचा, बाजरीच्या दाण्याएवढा एखादा राहतोच. आव्यात त्याची कळी होते, आणि बाहेर आल्यावर ती हवेतली ओल पिऊन फुगते. काल अंगणात देखणी दिसलेली फरशी आषाढात कुठंतरी टवका उडवते, आणि आत पांढरा ठिपका. निवत आलेली फरशी पाण्यात बुडवून ठेवली तर दोष कमी होतो, तेही आबांनी शिकवलं. पण बुडवूनही पावसाळा चुकवायचा नाही. माझ्या गिऱ्हाइकांना मी आजही दसऱ्यानंतरची तारीख देतो. कुणी कुरकुरतं. पावसाळा खाल्लेल्या फरशीबद्दल मला कुणाची बोलणी खावी लागत नाहीत, ही कमाई आबांची.

पोखर्णीवरून जाणारा रेल्वेमार्ग परळी, लातूर रोड, उदगीर करत बिदरला पोचतो. एका हिवाळ्यात मी आबांना तिथं घेऊन गेलो. महमूद गवाननं १४७२ साली बांधून घेतलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर रंगीत चकाकीच्या फरशांचं काम आहे. निळं, पांढरं, पिवळं, हिरवं, आणि त्यात अक्षरं. गवान मूळ इराणातल्या गिलानचा, बहामनी राज्याचा वजीर. खोट्या पत्राच्या आरोपावरून १४८१ साली त्याचा शिरच्छेद झाला. पुढं १६९६ साली दारूच्या स्फोटात मदरशाचा बराच भाग उडाला. उरलेल्या भिंतीवर आणि मिनारावर फरशा अजून तुकड्या-तुकड्यांनी टिकून आहेत. मी रंग बघत होतो. आबा भिंतीच्या उघड्या पडलेल्या भागापाशी जाऊन उभे राहिले, जिथं फरशा गळून नुसता माल उरलाय. “पाठ बगायचीय,” ते म्हणाले. “रंग सगळ्यांला दिसतोय. टिकली ती पाठीमुळं.” परतीच्या गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मातीचं काम करणाऱ्याचं नाव न्हाई तिथं. वजिराचं हाय.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्याही फरशा माझ्याच नावानं विकल्या जातात.

त्या प्रवासानंतर मी त्यांच्यापुढं पैशांचा विषय काढला. माझ्या कामात त्यांचा हिस्सा ठरवू, दरसाल देऊ, असं. मामी आत चहा करत होत्या, त्या बाहेर आल्या. आबा म्हणाले, “पैसं घेतलं की फिटलं. मंग तू पाव्हणा. बलुतं दे. ज्वारी दे, घरच्या रानातली.” रानात तर सगळं सोयाबीन. भावाला गळ घातली, तेव्हा त्यानं विहिरीजवळचा एक पट्टा ज्वारीला सोडला. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं ‘परभणी मोती’ पेरलं. पाखरं राखता राखता तो बेजार झाला आणि मला चार शब्द सुनावले, पण पट्टा मोडला नाही.

आता दरवर्षी सुगीनंतर मी पोतं घेऊन आबांच्या ओसरीत जातो. खळ्यावर माप कायम आमच्या हातात असायचं. इथं मापायला आबा बसतात आणि मी पोत्याचं तोंड धरतो. मापून झालं की शेरभर ज्वारी ते परत माझ्या पिशवीत ओततात. पहिल्या वर्षी मी नको म्हणालो, तर म्हणाले, “समदंच दिलंस तर पुढल्या साली कामून येशील?”